इंग्लंडच्या खेड्यातलं घराणं मृत्युपत्रातून कसं शोधावं

२४ नोव्हेंबर १५५६. वॉरिकशर परगण्यातल्या विल्मकोट वाडीत रॉबर्ट आर्डेन नावाच्या शेतकऱ्यानं मृत्युपत्र केलं. शरीर आजारी आहे, पण स्मरण शाबूत आहे, असं त्यानं सुरुवातीलाच नोंदवलं. मग आत्मा देवाच्या हवाली केला, देह ॲस्टन कॅन्टलोच्या चर्चच्या आवारात पुरायला सांगितला, लेकींची आणि बायकोची सोय लावली. त्यातच एक कलम आहे: ॲस्टन पॅरिशमध्ये (म्हणजे त्या चर्चच्या हद्दीत) ज्या घरी औत नाही, अशा प्रत्येक घराला चार पेन्स द्यावेत.

ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ तिथेच थांबले. गरीब कोण, तर ज्याच्या दारात औत नाही तो. आपल्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्या शेतकऱ्यानं गावाची अशीच विभागणी केली असती.

माझ्या लेकीचं सासर इंग्लंडातल्या एका खेड्यातलं आहे. नातवानं एकदा विचारलं, "आजी, आईकडची नावं त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या चोपडीत आहेत, मग बाबांकडची कुठे आहेत?" तीर्थोपाध्यायांच्या नामावळीसारखी सोय तिकडे नाही. पॅरिशच्या नोंदवह्या आहेत, पण त्यांत नाव, तारीख आणि फार तर बापाचं नाव मिळतं. माणसं कशी जगली, कुणाचं कुणाशी जमत होतं, घरात काय होतं हे ज्या एका कागदातून कळतं तो म्हणजे मृत्युपत्र. त्या शोधात मी जे शिकले ते इथे क्रमानं मांडते. घरच्यांची नावं चव्हाट्यावर नकोत, म्हणून उदाहरणादाखल आर्डेनचंच घराणं घेतलं आहे. रॉबर्ट आर्डेन हा विल्यम शेक्सपिअरचा आईकडचा आजोबा. त्यामुळे एरवी हरवली असती अशा एका साध्या शेतकरी कुटुंबाच्या कागदांचा अभ्यासकांनी कसून माग काढलेला आहे.

आधी १८५८ च्या अलीकडे पाहा

इंग्लंड आणि वेल्समध्ये १२ जानेवारी १८५८ ही सीमारेषा आहे. त्या दिवसापासून मृत्युपत्रांचं प्रोबेट सरकारी यंत्रणेकडे आलं. मुंबईत ज्यांनी वडिलांचं घर नावावर करून घेतलंय त्यांना प्रोबेट हा शब्द नवा नाही, अर्थही तोच: मृत्युपत्र खरं आहे असा न्यायालयाचा शिक्का. त्या तारखेनंतरच्या सगळ्या प्रोबेटची वर्षवार छापील सूची आहे, तिला नॅशनल प्रोबेट कॅलेंडर म्हणतात. आडनावांच्या अकारविल्हे लावलेल्या एकेका नोंदीत मृताचं नाव, पत्ता, बहुधा व्यवसाय, मृत्यूची तारीख, एक्झिक्युटरची (मृत्युपत्र अमलात आणायला नेमलेल्यांची) नावं आणि मालमत्तेची किंमत असते. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर ही सूची विनामूल्य शोधता येते आणि शुल्क भरून मृत्युपत्राची प्रत मागवता येते.

इथे दोन ठिकाणी माणूस चुकतो. सूची मृत्यूच्या नव्हे, प्रोबेट मिळाल्याच्या वर्षानुसार लावलेली आहे. म्हणून मृत्यूनंतरची निदान तीन-चार वर्षं पाहा, वाद झाला असेल तर त्याहून पुढचीही. दुसरं म्हणजे मृत्युपत्र न करता गेलेल्यांच्या नोंदी १८७० पर्यंत वेगळ्या लावलेल्या आहेत. छापील सूचीच्या प्रती चाळत असाल तर तो भागही उघडा.

अलीकडून पलीकडे जाण्याचा नियम मोडू नका. पणजोबांचं मृत्युपत्र हाती नसताना थेट सतराव्या शतकात उडी मारली की आडनाव जुळतं आणि माणूस भलताच निघतो.

गाव कुठल्या न्यायालयाखाली होतं?

१८५८ पूर्वी हे सगळं काम चर्चच्या न्यायालयांकडे होतं, आणि नवख्या माणसाचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. माझे पहिले दोन महिने असेच वाया गेले. गाव ज्या परगण्यात, त्याच परगण्याच्या अभिलेखागारात मी शोधत होते. पण चर्चच्या हद्दी परगण्याच्या हद्दींशी जुळत नाहीत. विल्मकोट वॉरिकशरमध्ये आहे, तरी ते वूस्टरच्या बिशपच्या अमलाखाली होतं. त्यामुळे आर्डेनचं मृत्युपत्र वूस्टरला गेलं. वॉरिकशरचाच उत्तरेकडचा भाग मात्र लिचफील्डकडे होता. एकाच परगण्यातली दोन गावं, आणि कागद दोन वेगळ्या शहरांत.

ही न्यायालयं पायरीपायरीनं वर जात. सगळ्यात खाली आर्चडीकनचं, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या धर्माधिकाऱ्याचं न्यायालय, त्यावर बिशपचं, त्याच्याही वर आर्चबिशपची दोन: दक्षिणेसाठी कँटरबरी, उत्तरेसाठी यॉर्क. मयताची पाच पौंडांहून जास्त किमतीची चीजवस्तू एकाहून अधिक बिशपांच्या हद्दींत विखुरलेली असेल तर प्रकरण वरच्या न्यायालयात जाई. ऐपतदार माणसं प्रतिष्ठेखातरही कँटरबरीला जात. शिवाय मध्येमध्ये काही गावं 'पेक्युलियर', म्हणजे आजूबाजूच्या बिशपच्या नेहमीच्या अधिकारातून वगळलेली. वतनी गावासारखी त्यांची व्यवस्था निराळी. स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन हे त्यातलंच एक. विल्मकोटहून तिथे पायी जाता येतं, तरी न्यायालय वेगळं.

म्हणून कामाला बसण्याआधी कागदावर चार ओळी लिहा: वाडी, पॅरिश, बिशपची हद्द, आर्चबिशपचा प्रांत. फॅमिलीसर्च या विनामूल्य संकेतस्थळावर पॅरिशनिहाय ही माहिती आणि नकाशे आहेत. कँटरबरीच्या न्यायालयाची १३८४ ते १८५८ पर्यंतची मृत्युपत्रं लंडनजवळच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये 'प्रॉब ११' या मालिकेत आहेत आणि त्यांची सूची नावानं ऑनलाइन शोधता येते. यॉर्कची मृत्युपत्रं यॉर्क विद्यापीठाच्या बोर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. बाकीची त्या त्या बिशपच्या हद्दीचे कागद ठेवणाऱ्या अभिलेखागारात. माझी पद्धत अशी की क्यूची सूची आधीच पाहून घ्यायची, कारण ती घरबसल्या होते, आणि मग खालच्या न्यायालयांकडे वळायचं. १६५३ ते १६६० या वर्षांसाठी तर दुसरी वाटच नाही. यादवी युद्धानंतर चर्चची न्यायालयं बंद होती आणि सगळ्या देशाची मृत्युपत्रं लंडनला जात. तीही प्रॉब ११ मध्येच आहेत.

तुमचं घराणं डेव्हनचं किंवा सॉमरसेटचं असेल तर मन घट्ट करा. मे १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात एक्सेटरचं प्रोबेट कार्यालय जळालं आणि तिथे ठेवलेली मृत्युपत्रं गेली. तरी सगळं संपलेलं नाही. वारसा कराच्या हिशेबासाठी १८१२ ते १८५७ या काळातल्या मृत्युपत्रांच्या ज्या नकला काढल्या गेल्या होत्या त्या वाचल्या. क्यूमध्ये 'आयआर २६' या मालिकेत १७९६ ते १९०३ ची मृत्युकराची रजिस्टरंही आहेत. कुणाला किती मिळालं आणि त्याचं मयताशी नातं काय, हे कर आकारण्यासाठी लिहावंच लागे. एक्सेटर बाजूला ठेवलं तरी ही रजिस्टरं पाहण्यासारखी आहेत. मृत्युपत्रात नुसतं 'माझी मुलं' असतं, तिथे रजिस्टरात कारकुनानं नावं लिहिलेली सापडतात.

मूळ प्रत की नोंदवहीतली नक्कल?

प्रॉब ११ मध्ये दिसतात त्या नोंदवहीतल्या नकला. न्यायालयाचा कारकून मूळ मृत्युपत्र समोर ठेवून जाड वहीत उतरवून घेई. हात त्याचा, शुद्धलेखन बरंचसं त्याचं, खालची सहीसुद्धा त्याच्याच अक्षरात. त्यामुळे 'आमच्या पूर्वजाची सही मिळाली' असा आनंद नकलेवरून करून घेऊ नका.

मूळ कागदात काय असतं ते शेक्सपिअरच्या मृत्युपत्रात दिसतं. त्यावर तारीख २५ मार्च १६१६ आहे, पण आधी लिहिलेला जानेवारी खोडून मार्च केलेला आहे. बायकोला 'दुसऱ्या क्रमांकाचा चांगला पलंग' देणारी ती गाजलेली ओळ दोन ओळींच्या मध्ये, नंतर घुसवलेली आहे. बहीण जोन हार्ट हिच्या तीन मुलांना पाच-पाच पौंड ठेवले आहेत: विल्यम, मायकेल आणि मधल्याच्या नावाच्या जागी नुसती मोकळी जागा. लिहिताना भाच्याचं नाव कुणालाच आठवलं नाही. खाडाखोड, मोकळ्या जागा, थरथरता हात या गोष्टी मूळ प्रतीवरच कळतात. म्हणून नक्कल मिळाली तरी मूळ प्रत शिल्लक आहे का, हे जरूर विचारा.

सहीच्या जागी नुसती फुली असली तर माणूस निरक्षर होता असा निष्कर्ष लगेच काढू नका. मृत्युपत्र बहुतेक वेळा अखेरच्या आजारात होई, आणि तेव्हा लिहिता येणाऱ्यालाही लेखणी धरवत नसे.

अक्षर लावणं

सोळाव्या-सतराव्या शतकातल्या लिपीला सेक्रेटरी हँड म्हणतात. मोडी शिकलेल्याला ती लवकर जमते असं मला वाटतं, कारण धीर धरायची सवय झालेली असते. मोडीत आपण ओळखीच्या शब्दांवरून अक्षर पकडतो, इथेही तसंच करायचं. मृत्युपत्राची सुरुवात ठरलेली असते: 'देवाच्या नावानं, आमेन', मग तारीख, नाव, गाव, व्यवसाय, मग आत्मा आणि देह. हा मजकूर जवळजवळ पाठच असल्यामुळे या पहिल्या आठ-दहा ओळी म्हणजे त्या लेखकाची बाराखडी. त्यातून त्याचा प्रत्येक स्वर-व्यंजन काढून एका कागदावर गिरवा आणि तो कागद शेजारी ठेवून पुढे वाचा.

सवयीनं कळणाऱ्या काही खुणा सांगते. 'ई' हे अक्षर उलटं, आरशातल्यासारखं असतं. 'एच' ओळीच्या खाली शेपूट सोडतं. लांब 'एस' हा 'एफ'सारखा दिसतो. मोठ्या 'एफ'ऐवजी छोटे दोन 'एफ' जोडून लिहितात. 'यू' आणि 'व्ही', 'आय' आणि 'जे' एकमेकांच्या जागी येतात. शब्दावर आडवी रेघ असेल तर खाली 'एम' किंवा 'एन' गाळलेला आहे. नॅशनल आर्काइव्हजच्या संकेतस्थळावर या लिपीचे विनामूल्य धडे आहेत, दहा-बारा दिवस रोज अर्धा तास दिला तर हात बसतो.

आकडे रोमन, आणि शेवटचा एक 'जे'सारखा लांबवलेला. हिशेब पौंड-शिलिंग-पेन्समध्ये: बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. रुपये-आणे-पै ज्यांनी वापरले त्यांना यात अवघड काही नाही. ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स हा आकडा वारंवार भेटतो आणि तो विचित्र वाटतो. पण ते बरोबर दहा मार्क आहेत. मार्क हे हिशेबातलं एकक, १३ शिलिंग ४ पेन्सचं. आर्डेननं धाकट्या मेरीला, म्हणजे शेक्सपिअरच्या आईला, ही रक्कम दिली, बायकोलाही हीच. म्हणजे त्याच्या मनात गोल आकडा होता.

तारखेकडे मात्र डोळ्यात तेल घालून पाहा. १७५२ पर्यंत इंग्लंडात वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे कागदावर '१० फेब्रुवारी १५६०' असेल तर आपल्या हिशेबानं ते १५६१. अशी तारीख टिपताना दोन्ही वर्षं लिहा, '१५६०/६१' अशी. काही कागदांत सन नसतोच, राजाच्या राज्यारोहणापासूनचं वर्ष असतं. राजशक ठाऊक असणाऱ्या मराठी वाचकाला हे नवल वाटू नये. आणि १७३३ पर्यंत प्रोबेटचा शेरा लॅटिनमध्ये असतो. पण तो दर वेळी साचेबद्धच असल्यानं त्यातली तारीख आणि एक्झिक्युटरचं नाव उचलता आलं की काम झालं.

मृत्युपत्राच्या तारखेपासून प्रोबेटच्या तारखेपर्यंतच्या काळात मृत्यू झालेला असतो. आर्डेनची तारीख २४ नोव्हेंबर, त्याच्या चीजवस्तूंची यादी ९ डिसेंबरची. म्हणजे तो त्या पंधरवड्यात गेला. नोंदवही हरवलेल्या पॅरिशमध्ये एवढी माहितीही मोलाची असते.

कोण कुणाचा कोण

मराठी माणसाला खरी अडचण इथे येते. आपल्याकडे प्रत्येक नात्याला वेगळा शब्द. साडू वेगळा, मेहुणा वेगळा, दीर वेगळा, आतेभाऊ आणि मावसभाऊ वेगळे. त्यामुळे कागदावर नात्याचा शब्द दिसला की तो नेमकाच असणार, असं आपण धरून चालतो. जुन्या इंग्रजीत तसं नाही. 'ब्रदर' म्हणजे सख्खा भाऊ, सावत्र भाऊ, मेहुणा किंवा साडू. 'कझिन' आणि 'किन्समन' म्हणजे जवळपास कुणीही नातलग. 'सन-इन-लॉ' हा जावई असेल किंवा बायकोच्या आधीच्या लग्नाचा मुलगा. 'नीस' म्हणजे पुतणी-भाची तर खरीच, पण नातसुद्धा. शेक्सपिअरनं आपल्या मृत्युपत्रात एलिझाबेथ हॉलला 'नीस' म्हटलं आहे, आणि ती होती त्याच्या थोरल्या मुलीची, सुझॅनाची लेक. पुरावा दुसरीकडून नसता तर कुणीही वंशवृक्षात तिला एक फांदी चुकवून बसवलं असतं.

म्हणून मी प्रत्येक मृत्युपत्रासाठी एक तक्ता आखते. पहिल्या रकान्यात माणसाचं नाव, दुसऱ्यात गाव, तिसऱ्यात कागदावरचा नात्याचा शब्द जसाच्या तसा, चौथ्यात मिळालेली वस्तू. पाचवा रकाना माझ्या अंदाजाचा, तो पेन्सिलनं. पाचवा रकाना तिसऱ्यात कधीही मिसळू द्यायचा नाही. यात लाभार्थींइतकेच एक्झिक्युटर, देखरेखीला नेमलेले 'ओव्हरसीअर', साक्षीदार, देणेकरी, आणि 'अमक्याच्या शेताला लागून' असा नुसता उल्लेख आलेला शेजारीही घ्यायचा.

गैरहजेरीचाही अर्थ घाईनं लावू नये. थोरला मुलगा मृत्युपत्रात नसला म्हणजे बापानं त्याला तोडलं, असं नाही. बहुतेक वेळा जमीन आधीच त्याच्या नावावर झालेली असते किंवा कायद्यानं त्याच्याकडे जाणारच असते. लग्नाच्या वेळी वाटा घेऊन गेलेल्या लेकीचंही तसंच. विधवेला पतीच्या जमिनीत हयातभर तिसरा हिस्सा सामान्य कायद्यानं मिळे, तो मृत्युपत्रात लिहायची गरज नसे. शेक्सपिअरच्या पलंगावरून नवरा-बायकोचं पटत नव्हतं असा निष्कर्ष काढणारे ही गोष्ट विसरतात.

आर्डेनच्या मृत्युपत्रात दोनच लेकी नावानं येतात, ॲलिस आणि मेरी. दोघीच एक्झिक्युटर. उरलेलं 'माझ्या इतर मुलांना' सारखं वाटून द्यावं, एवढंच. एवढ्यावर थांबलो तर बाकीच्या लेकी हरवल्या. त्या सापडतात १५५० सालच्या दस्तांत, जिथे आर्डेननं जवळच्या स्निटरफील्ड गावातली मालमत्ता लेकींच्या नावे लावून दिली होती. तिथे त्या नवऱ्यांच्या नावांसकट आहेत: बार्टन-ऑन-द-हीथचा एडमंड लॅम्बर्ट, बेअर्लीचा अलेक्झांडर वेब. मृत्युपत्रात 'इतर मुलं' दिसली की मागच्या दहा-पंधरा वर्षांतली खरेदीखतं आणि लग्नाचे करार शोधायचे, हे मी यातून शिकले.

बायकोबद्दलचं कलम तर पुन्हा पुन्हा वाचावं असं आहे. ॲग्नेसला दहा मार्क, पण अट अशी की वैधव्याच्या काळात तिनं ॲलिसला विल्मकोटच्या कॉपीहोल्ड (जमीनदाराच्या नोंदीवर कुळाकडे असलेल्या) जमिनीचा अर्धा भाग सुखानं वापरू द्यावा. नाही दिला तर निम्मीच रक्कम आणि स्निटरफील्डमधला तिचा ठरलेला वाटा. ॲग्नेस ही आर्डेनची दुसरी बायको, तीही आधी विधवा झालेली. लेकी पहिलीच्या. ॲग्नेस सावत्र आई आहे हे मृत्युपत्र सांगत नाही, पण ही अट वाचल्यावर तसा संशय यायला हवा. अशी अट दिसली की दुसऱ्या लग्नाची नोंद शोधा.

घरात काय होतं

साधारण १५३० ते १७५० या काळातली मृत्युपत्रं असतील तर त्यांच्यासोबत मयताच्या चीजवस्तूंची यादी आहे का, ते हमखास विचारा. ती शेजारीपाजारीच करत, खोलीखोलीतून फिरून. आर्डेनच्या यादीतली एकूण किंमत ७७ पौंड ११ शिलिंग १० पेन्स. भिंतींवर टांगायचे रंगवलेले कापडी पडदे आहेत, गोठ्यात आठ बैल आणि सात गाई आहेत, मेंढरं आहेत, मधमाश्यांची पोळीसुद्धा आहेत. औत नसलेल्या घरांची आठवण ठेवणाऱ्या माणसाचे स्वतःचे आठ बैल होते, हे कळल्यावर ती चार पेन्सची ओळ मला आणखी जवळची झाली.

यादीतून घराचा आराखडा निघतो, कारण खोल्यांची नावं क्रमानं येतात. महिनाही लक्षात घ्या. डिसेंबरातल्या यादीत पेरलेलं पीक वेगळं मोजलेलं असेल, ऑगस्टात धान्य जास्त दिसेल. जमीन आणि घर मात्र यात येत नाही, यादी फक्त जंगम मालमत्तेची. म्हणून यादीची किंमत कमी म्हणजे माणूस गरीब, असं समजू नका.

जमिनीच्या मागे जा

आर्डेननं वापरलेला 'कॉपीहोल्ड' हा शब्द खेड्यातल्या घराण्याच्या शोधात फार उपयोगी आहे. अशी जमीन गावच्या जमीनदाराच्या, म्हणजे मॅनरच्या, न्यायालयातल्या नोंदीवर चाले. त्या नोंदीची नक्कल हाच कुळाचा हक्काचा कागद. कूळ मेलं की मॅनरच्या सभेत मृत्यू जाहीर होई, वारस पुढे येई, नजराणा भरे, काही ठिकाणी जमीनदाराला सर्वांत चांगलं जनावर द्यावं लागे. बाप कोण, मुलगा कोण, तो वयात आला का, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. पॅरिशच्या नोंदवह्या १५३८ पासूनच्या, पण मॅनरच्या गुंडाळ्या त्याच्याही मागे जातात. त्या कुठे ठेवल्या आहेत हे नॅशनल आर्काइव्हजच्या मॅनोरियल डॉक्युमेंट्स रजिस्टरमध्ये पाहता येतं. कॉपीहोल्डची पद्धत १९२६ साल उजाडेपर्यंत टिकली. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या मृत्युपत्रातही हा शब्द आला तर आधी मॅनरचं नाव शोधा.

शेताचं नाव आलं असेल तर तेही टिपा. आर्डेननं मेरीला 'ॲस्बीज' नावाची जमीन दिली, वर उभ्या पिकासकट. अशी नावं शतकानुशतकं टिकतात. १८३६ च्या कायद्यानंतर बनलेल्या टाइद (चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा) नकाशांवर पुष्कळ गावांतलं शेत नि शेत क्रमांकासह दाखवलेलं आहे आणि सोबतच्या तक्त्यात त्याचं नाव, मालक आणि कसणारा.

मृत्युपत्रच नसेल तर

पुष्कळदा नसतंच. शेतमजुरांनी क्वचित केलं. १८८२ च्या कायद्यापर्यंत लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय करता येत नसे. म्हणून सापडतात ती विधवांची आणि अविवाहित बायकांची. ती सोडू नका. मूलबाळ नसलेली आत्या किंवा अविवाहित काका म्हणजे घराण्याचा खजिना: त्यांच्या मृत्युपत्रात भाचे-पुतणे एकेक करून नावानं येतात. मी आता कुठल्याही पिढीत आधी निपुत्रिक माणूस शोधते.

मृत्युपत्र नसलं तरी मालमत्ता असेल तर न्यायालय वारसाला कारभाराचा अधिकार देई, त्याला लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन म्हणतात. शेक्सपिअरचे वडिलांकडचे आजोबा रिचर्ड यांचं असंच झालं. ते स्निटरफील्डला आर्डेनचीच जमीन कसत होते. ते मृत्युपत्राविना गेले आणि १० फेब्रुवारी १५६०/६१ रोजी मुलगा जॉन याला अधिकार मिळाला. मालमत्तेची किंमत ३८ पौंड १७ शिलिंग. जमीनमालकाच्या धाकट्या लेकीनं कुळाच्या मुलाशी लग्न केलं, ही गोष्ट कुठल्याही एका कागदात नाही. मृत्युपत्र, दस्त आणि हा अधिकाराचा कागद शेजारी ठेवले की ती दिसते.

आणखी एक वाट मुंबईवरून जाते. खेड्यातला धाकटा मुलगा सतराव्या-अठराव्या शतकात अचानक दिसेनासा झाला असेल, तर तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत गेला असण्याची शक्यता तपासा. बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यांत वारलेल्या ब्रिटिशांच्या मृत्युपत्रांचे आणि चीजवस्तूंच्या याद्यांचे खंड लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहेत. मुंबईत मेलेल्या माणसानं गावाकडच्या बहिणीला काही ठेवलं असेल तर तिचं लग्नानंतरचं नाव आणि गाव तिथे लिहिलेलं मिळू शकतं. परदेशी मरण पावलेल्यांची प्रकरणं कँटरबरीच्या न्यायालयातही जात, तेव्हा प्रॉब ११ ही पाहावं.

शेजाऱ्याला विसरू नका

तक्त्यात साक्षीदार आणि ओव्हरसीअर लिहायला मी सांगितलं, त्याचं कारण विल्मकोटलाच आहे. आर्डेननं देखरेखीला तीन माणसं नेमली, प्रत्येकाला या कष्टांबद्दल वीस शिलिंग. त्यातला एक ॲडम पामर. तो साक्षीदारही आहे. वंशवृक्षात त्याला जागा नाही, म्हणून घाईतला माणूस त्याच्यावरून पुढे जातो.

विल्मकोटमध्ये एक देखणं लाकडी चौकटीचं घर आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ते मेरी आर्डेनचं माहेर म्हणून दाखवलं जाई. शेक्सपिअर बर्थप्लेस ट्रस्टनं ते १९३० मध्ये विकत घेतलं. शेजारचं ग्लीब फार्म नावाचं साधं शेतघर १९६८ मध्ये घेतलं, ते मुख्यतः आजूबाजूचा परिसर राखण्यासाठी. मग २००० साली जमिनीचे जुने कागद जुळवल्यावर उलगडा झाला की आर्डेनचं घर म्हणजे ते शेजारचं साधं शेतघर, आणि लोक ज्याचे फोटो काढत होते ते देखणं घर ॲडम पामरचं.

आता त्या घराला पामर्स फार्म म्हणतात. दोन्ही घरांच्या मध्ये थोडं मोकळं आवार आहे, एका दारातून हाक मारली तर दुसऱ्या दारात ऐकू जाईल एवढंच.